हमी, जामीन आणि ओल

‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ या दोहोंसाठी मराठीत ‘हमी’ हा एकच शब्द पुरतो, आणि एरवी त्यावाचून काही अडत नाही. अडते ते घराच्या बाबतीत. पंख्याबरोबर दुकानदाराचा शिक्का मारलेले कार्ड मिळते. घराबरोबर मिळतो तो जाडजूड, इंग्रजीतला, नोंदणीकृत करारनामा, आणि त्याच्या पोटात कुठेतरी ‘दोषदायित्व कालावधी’. हा शब्द रस्त्याच्या कामांच्या फलकांवर आपण सर्वांनीच वाचलेला असतो, खड्डा चुकवता चुकवता.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यालगतच्या एका नव्या इमारतीत आम्ही नोव्हेंबर २०१९ मध्ये राहावयास आलो. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेकडच्या भिंतीला, बीम आणि विटांचे बांधकाम यांच्या सांध्यावर, ओल आली. आधी तळहाताएवढा डाग, मग पोपडे, मग बुरशी. त्याच भिंतीला आमची पुस्तकांची कपाटे होती. खालच्या दोन खणांतील पुस्तके पंख्याखाली पसरून वाळवली. काहींची पाने एकमेकांना अशी चिकटली की ती पुन्हा उघडली नाहीत.

कायदा आमच्या बाजूचा होता. १९६३ च्या ‘मोफा’ कायद्यात अशा दोषांसाठी ताब्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ मध्ये ती पाच वर्षांची आहे. बांधकामातील, कारागिरीतील वा सेवांमधील दोष या मुदतीत विकासकाच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा. इतके सरळ कलम कायद्याच्या पुस्तकात क्वचितच आढळते. आमच्या करारनाम्याने मात्र ‘दोष’ या शब्दाची स्वतंत्र व्याख्या केली होती: विकासकाच्या हेतुपुरस्सर हलगर्जीपणामुळे उद्भवलेला तो दोष. हेतुपुरस्सर हलगर्जीपणा! विरोधाभासाचे उदाहरण म्हणून वर्गात सांगावे असे हे पद. पण त्याचा अर्थ असा की भिंत ओली आहे एवढे दाखवून भागत नाही, भिंत बांधणाऱ्याच्या मनात काय होते तेही सिद्ध करावे लागते.

पुढच्या चार वर्षांचा पत्रव्यवहार आम्ही जपून ठेवला आहे. भाषेच्या अभ्यासकांनी तो जरूर चाळावा. ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.’ ‘पाहणी करण्यात येईल.’ ‘संबंधितांस कळविण्यात आले आहे.’ नोंद कोणी घेतली, पाहणी कोण करणार, संबंधित म्हणजे कोण, याचा पत्ता नाही. कर्ता गाळण्याची अशी सोय प्रत्येक प्रशासकीय भाषेत असते, आणि आम्हीही परीक्षा विभागाला लिहिताना ती वापरतो. परंतु गळक्या भिंतीखाली बसून वाचताना तिचा उपयोग नेमका कशासाठी होतो ते कळते. नामेही बदलत गेली. आम्ही लिहावे ‘गळती’. उत्तरात तिचा ‘ओलावा’ व्हावा, आणि पुढच्या पत्रात ‘ऋतुमानानुसार दमटपणा’. चौथ्या उत्तरात अखेर एक कर्ता अवतरला. तो आम्हीच होतो: ‘आपण खिडकीस ग्रिल बसविताना भोके पाडल्यामुळे’. ग्रिल स्वयंपाकघराला आहे, पूर्वेकडे.

फडके रोडवरचे कार्यालय तोवर बंद झाले होते. नवे ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर, तेही मानपाड्यालाच. तेव्हा एका मानपाड्याहून दुसऱ्या मानपाड्याला आमच्या खेपा सुरू झाल्या. तेथील तरुण अत्यंत अदबीने वागे, चहा मागवी, आणि ‘काका, तुमची फाइल सिस्टीममध्ये आहे’ असे सांगे. तिसऱ्या खेपेला त्यानेच जरा ओशाळून खुलासा केला की आमची इमारत बांधणारी भागीदारी संस्था त्या एका प्रकल्पापुरती स्थापन झाली होती. समूहाचे नाव तेच, पण ‘ती एन्टिटी वेगळी’. आमच्या आजोबांच्या पिढीत ‘जामीन राहणे’ असा वाक्प्रचार होता. जामीन हा माणूस असे. त्याच्या ओटीवर जाऊन बसता येई, त्याला चारचौघांत लाज वाटे. आमच्या हमीला ओटीच नव्हती.

आमची मुदत संपली त्याच नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रे दाखवून महारेराची नोंदणी मिळविलेल्या या इमारती. त्यांत राहणाऱ्यांनीही तोच नोंदणी क्रमांक पाहून, कर्ज काढून घरे घेतली होती. शेजारचे गृहस्थ आम्हांला म्हणाले, “तुमची भिंत ओली तरी आहे ना, उभी तर आहे!” त्यांच्याशी वाद घालणे आम्हांला त्या दिवशी जमले नाही. पण पाडली जाणारी इमारत शेजारी आहे म्हणून गळती सोसावी, हा हिशेब आम्हांला मान्य नाही. दोन्ही ठिकाणी घेणाऱ्याने विश्वास कागदावरच टाकला होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शेवटचे पत्र आले: दोषदायित्व कालावधी संपुष्टात आल्याने दुरुस्तीची जबाबदारी राहत नाही. कायदा दोष पाच वर्षांत नजरेस आणून देण्याविषयी बोलतो; आमचे पहिले पत्र पहिल्याच पावसाळ्यातले, पोचपावतीसह. महारेराकडे ५,००० रुपये शुल्क भरून तक्रार दाखल केली आहे. सोबत तारखांसह छायाचित्रे, सर्व पत्रे, आणि एका स्थापत्य अभियंत्याचा सांध्यातील भेगेविषयीचा दीड पानी अहवाल. वकिलांनी मसुद्यात ‘ओलावा व तत्सम समस्या’ असे घातले होते. आम्ही ते खोडून ‘गळती’ लिहिले.