तो येईपर्यंत

१९७८ सालच्या ‘गेम ऑफ डेथ’मध्ये नायक आरशासमोर बसतो आणि आरशात दिसतो तो ब्रूस लीच्या फोटोतून कापून डकवलेला चेहरा. अंग हलतं, चेहरा हलत नाही. लहान पोराच्याही लक्षात यावी इतकी उघडी लबाडी. तरी माझ्या जिवाच्या सिनेमांत हा फार वरचा.

ब्रूस लीने तो १९७२ मध्ये करायला घेतला होता. ‘एंटर द ड्रॅगन’ आला म्हणून बाजूला ठेवला आणि २० जुलै १९७३ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो गेला. मागे उरलं एका मनोऱ्यातल्या लढतींचं चित्रण. पुढे रॉबर्ट क्लाउझने त्याभोवती नवीच गोष्ट रचली. बदली माणसं उभी केली, त्यांना काळे चष्मे घातले, खोटी दाढी लावली, जुन्या सिनेमांतले तुकडे जोडले. ब्रूस लीच्या अंत्यविधीचं खरं चित्रणसुद्धा घातलं. ते मात्र घालायला नको होतं. शवपेटीतला माणूस गोष्टीच्या कामाला लावू नये.

टोकावड्यात आम्ही हा सिनेमा पाहिला तो गणपतीत. वर्गणी काढून मुरबाडहून भाड्याने व्हिडिओ आणलेला. रात्रभर तीन पिक्चर, त्यातला हा मधला. टीव्ही ओट्यावर, माणसं अंगणात. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. सगळ्यांसाठी तो ‘ब्रुसलीचा पिक्चर’ होता.

सुरुवातीलाच माझे आजोबा म्हणाले, “हा तो नाय.”

आमच्याकडे माणूस चालीवरून ओळखतात. कल्याण-नगर रस्त्यावर एसटीतून उतरून कुणी बांधावरून येऊ लागला की तोंड दिसण्याआधीच घरातून नाव घेतलं जातं. खांदा कसा पडतो, पाऊल कुठे टेकतं, यात माणूस असतो. चष्मा घालून तो लपत नाही. आजोबांनी आधी ब्रूस लीचा एकच सिनेमा पाहिलेला, तोही म्हशाच्या जत्रेतल्या तंबूत. पण तेवढ्यावर त्यांना कळलं. अंगणात सगळ्यांनाच कळलं. आणि एकही माणूस उठला नाही. तो येईल, या भरवशावर सगळे बसून राहिले.

आणि तो आला. पिवळा पोशाख, बगलेतून काळा पट्टा. डॅन इनोसँटोसमोर नानचाकू फिरवताना त्याचा हात दिसेनासा झाला. मग वरच्या मजल्यावर करीम अब्दुल-जब्बार, सात फूट दोन इंच उंच, बास्केटबॉलचा बादशहा आणि खऱ्या आयुष्यात ब्रूस लीचाच शिष्य. त्या लांबलचक पायाची लाथ बसते आणि पिवळ्या छातीवर धुळीचं पाऊल उमटतं. समोरच्याच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही, हे कळताच ब्रूस ली खिडक्या फोडतो. ताकदीने नव्हे, नजरेने जिंकलेली ती लढाई. जेमतेम अकरा मिनिटांचा हा ऐवज, पण तेवढ्यात अंगण ताठ बसलं. “आता बघा,” आजोबा म्हणाले, जणू भाचा घरी आला होता.

त्यानंतर गावात नानचाकू झाले. बांबूचे दोन तुकडे आणि मधे गुरांच्या गळ्यातली साखळी. कपाळावर टेंगूळ नाही असं पोर सापडेना.

२००० साली एका माहितीपटात त्या मनोऱ्याचं बरंच मोठं मूळ चित्रण बाहेर आलं. कुठेही बदली माणूस नाही, पुठ्ठा नाही. ते सरस आहे, यात शंका नाही. अभ्यासाला मी तेच घेईन. पण जीव लागलाय तो १९७८च्या ठिगळांना, कारण त्यांत मेलेल्या माणसाला जाऊ न देणारी माणसं दिसतात. धंदा त्यात होताच. पण टोकावड्यातल्या अंगणालाही त्याला जाऊ द्यायचं नव्हतं.

त्या बदली माणसांत किम ताई-चुंग नावाचा कोरियन तरुण होता. लाथा त्याने मारल्या, मार त्याने खाल्ला, कोलांट्या युएन बियाओने घेतल्या. पुढे आणखी एका सिनेमात किमने ब्रूस लीचं भूतच साकारलं. २०११ मध्ये तो वारला. हल्ली हा सिनेमा लावला की मी आधी त्याला शोधतो. काळ्या चष्म्याआडचा, स्वतःचा चेहरा झाकून दुसऱ्याची चाल चालू पाहणारा. त्याची चाल आता मला ओळखता येते.