मांडीच्या मागची ताकद

खो-खो खेळणाऱ्यांची हॅमस्ट्रिंग मी दोन क्षणी जाताना पाहते. हुलकावणी देऊन निसटलेला संरक्षक जीव तोडून पळतो, तेव्हा. आणि आक्रमक खांबावर सूर मारतो तेव्हा: एक हात खांबाला, पाय खांबाच्या बुडाशी रोवलेला आणि धड जमिनीला समांतर, पुढे झेपावलेलं. दोन्ही वेळा खेळाडू मांडीच्या मागे हात लावून जागीच थांबतो आणि वहीत एकच नोंद होते, 'हॅमस्ट्रिंग ओढली'. पण आत घडलेलं सारखं नसतं. कोणता व्यायाम चांगला, असं प्रशिक्षक मला विचारतात तेव्हा मी आधी विचारते, मुलाला दुखलं ते पळताना की सूर मारताना?

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात: बायसेप्स फेमोरिस, सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस. बायसेप्सचा एक छोटा भाग सोडला तर तिन्ही बसायच्या हाडापासून निघतात आणि गुडघा ओलांडून पोटरीच्या वरच्या टोकाला चिकटतात. म्हणजे हा स्नायू खुब्यावरही काम करतो आणि गुडघ्यावरही. पळताना पुढे फेकलेला पाय जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी खुबा वाकलेला असतो आणि गुडघा सरळ होत असतो. त्या क्षणी हॅमस्ट्रिंग लांबत असते आणि लांबता लांबताच पुढे निघालेली नडगी आवरत असते. उतारावर ब्रेक दाबत गाडी खाली आणावी, तसं हे काम आहे. धावताना होणारी इजा बहुतेकदा याच क्षणी, बायसेप्सच्या लांब भागाला होते.

ताणातून होणाऱ्या इजेची कथा वेगळी आहे. स्वीडनच्या कार्ल आस्क्लिंग यांनी वेगवान धावपटू आणि नर्तक यांच्या इजा शेजारी ठेवून पाहिल्या. नर्तकांना इजा झाली ती पाय सावकाश, पुरता ताणताना, आणि तीही बसायच्या हाडाजवळ, सेमिमेम्ब्रेनोससच्या कंडरेत. सुरुवातीला ती किरकोळ वाटली. पण पूर्वीच्या पातळीवर यायला धावपटूंना साधारण चार महिने लागले, तिथे नर्तकांचं जवळजवळ वर्ष गेलं. खांबावर सूर मारणारा खो-खोपटू किंवा पाय लांबवून गडी टिपणारा कबड्डीचा चढाईपटू मला त्या नर्तकांच्या जवळचा वाटतो. 'फार दुखत नाही, परवा खेळतो' असं हा मुलगा म्हणतो तेव्हा मी जास्त सावध होते.

आपल्या तालमींनी आपल्याला दंड-बैठका दिल्या आणि त्यांचं ऋण मी मानते. खांदे, छाती, मांडीचा पुढचा भाग आणि दम त्यांनी घडवला. पण बैठकेत खुबा आणि गुडघा एकाच वेळी वाकतात आणि एकाच वेळी सरळ होतात. हॅमस्ट्रिंग एका टोकाला लांबते, दुसऱ्या टोकाला आखडते. तिची एकूण लांबी फारशी बदलत नाही, कामही बेताचंच होतं. वजन घेऊन केलेल्या स्क्वॉटचंही तेच. रोज शेकडो बैठका मारणाऱ्या मुलाची मांडी पुढून भरलेली आणि मागून कच्ची असू शकते. अशी मुलं सांगलीत, धाराशिवला, पुण्यात, कुठल्याही मैदानावर भेटतात.

मागच्या बाजूसाठी सर्वांत जास्त अभ्यासलेला व्यायाम म्हणजे नॉर्डिक. गुडघ्यांवर उभं राहायचं, सोबत्याने घोटे दाबून धरायचे आणि डोक्यापासून गुडघ्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं. जिथे आवरणं अशक्य होईल तिथे हातांवर पडायचं आणि हातांनीच ढकलून वर यायचं. यंत्र लागत नाही. गुडघ्यांखाली मॅट नसेल तर गोणपाटाची घडी चालते. 2004 साली नॉर्वेच्या फुटबॉलपटूंवर दहा आठवडे तुलना झाली. नॉर्डिक करणाऱ्यांची लांबताना आवरण्याची ताकद 11 टक्क्यांनी वाढली, यंत्रावर नेहमीचा लेग कर्ल करणाऱ्यांची वाढली नाही. पुढे 2011 साली डेन्मार्कच्या 942 खेळाडूंवरच्या अभ्यासात नॉर्डिक करणाऱ्या संघांत नव्या इजा निम्म्याहून खाली आल्या आणि पुन्हा उलटणाऱ्या इजा त्याहूनही जास्त घटल्या. एवढ्या साध्या व्यायामाच्या मागे एवढा भक्कम पुरावा क्वचितच सापडतो.

मैदानावर तो चुकतो मात्र सर्रास. मुलं खुब्यात वाकतात, नितंब मागे राहतात आणि धड तेवढं खाली जातं. मग भार हॅमस्ट्रिंगवरून निघून जातो आणि 'पंधरा मारले' एवढंच समाधान उरतं. त्यापेक्षा चारच करावेत, पण प्रत्येक वेळी खाली जायला चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. फिफाच्या '11 प्लस' या सराव-आराखड्यातही नवख्या खेळाडूला तीन ते पाचच सांगितले आहेत आणि बारा ते पंधरापर्यंत हळूहळू चढवलं आहे. पहिल्याच दिवशी तीस करून घेतले की मुलं दोन दिवस जिना उतरू शकत नाहीत आणि नॉर्डिकचं नाव टाकतात.

तरीही नॉर्डिकवर सगळं सोपवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यात गुडघा हलतो, खुबा सरळच राहतो. सूर मारताना स्नायू ज्या लांबीवर ओढला जातो तिथपर्यंत नॉर्डिक पोहोचत नाही. 2017 साली ऑस्ट्रेलियात नॉर्डिक आणि खुब्यातून वाकून उठण्याचा व्यायाम यांची दहा आठवडे तुलना झाली. दोन्हींनी बायसेप्सच्या लांब भागातले तंतू लांबले, आणि तंतू लांब असणं हे संरक्षणच आहे. पण नॉर्डिकने मुख्यतः सेमिटेंडिनोसस आणि बायसेप्सचा छोटा भाग वाढवला, तर खुब्याच्या व्यायामाने लांब भाग, म्हणजे धावताना फाटतो तोच.

म्हणून माझ्या आराखड्यात नॉर्डिकशेजारी एका पायावरचं रोमानियन डेडलिफ्ट असतं. गुडघा किंचित वाकवून तसाच ठेवायचा, पाठ सरळ, दुसरा पाय मागे जाऊ द्यायचा आणि खुब्यातून पुढे वाकायचं. बारबेल नसेल तर वाळूची पिशवी छातीशी धरायची. हा व्यायाम करणारा खेळाडू बाजूने पाहिला तर सुराच्या तयारीतला आक्रमक दिसतो. त्यात कंबर गोल झाली की मी थांबवते, वजन कमी करते. खो-खोपटूसाठी एकच निवडायचा असेल तर कोणता? धावताना ओढलेल्यासाठी मी तरीही नॉर्डिक निवडेन, कारण इजा घटल्याचा भक्कम पुरावा त्याच्यामागे आहे; सुरात ओढलेल्यासाठी डेडलिफ्ट. आणि दोन्हींना वेळ आहे, दहा मिनिटं पुरतात.

जिममधल्या यंत्रांबद्दलही मला विचारतात. मी पाहिलेल्या बहुतेक जिममध्ये पालथं झोपून करायचं लेग कर्ल असतं. बसून करायचं मिळालं तर तेच घ्यावं, कारण बसल्यावर खुबा वाकलेला राहतो आणि स्नायू लांबलेल्या अवस्थेत काम करतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा आठवड्यांत बसून केलेल्या कर्लने हॅमस्ट्रिंग सुमारे 14 टक्के वाढली, झोपून केलेल्याने 9. लहान मुलामुलींना मी टाचांखाली फडकं ठेवून गुळगुळीत फरशीवर पाय सरकवायला लावते. पाठीवर झोपून, नितंब उचललेले, टाचा सावकाश दूर न्यायच्या. नॉर्डिकची ती चांगली पूर्वतयारी आहे.

आणि पळणं. याचाही मी व्यायामात हिशेब धरते, कारण पूर्ण वेगात पळताना हॅमस्ट्रिंगवर जो भार येतो तो कुठलाच व्यायाम देत नाही. आपल्याकडे सराव म्हणजे मैदानाला संथ फेऱ्या आणि मग थेट खेळ. खो-खोचं मैदान 27 मीटर लांब, त्यात वळणं, खांब, हुलकावण्या. मुलं अख्ख्या आठवड्यात एकदाही पूर्ण वेग गाठत नाहीत, आणि मग सामन्यात एकदम त्याची गरज पडते. आठवड्यातून एक-दोनदा मैदानाबाहेर तीस-चाळीस मीटरच्या चार-पाच धावा, मध्ये पुरती विश्रांती घेऊन, एवढं मी मागते. आता खेळ मॅटवर आला आहे, त्याची गतीही वाढली आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. त्यांच्याकडे पाहून मैदानावर आलेल्या मुलांना या वेगासाठी तयार करणं आपलं काम आहे.

मला खरी खंत आहे ती वेगळीच. युरोपातल्या बड्या फुटबॉल क्लबांत 2001-02 च्या हंगामात एकूण इजांपैकी 12 टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या, 2021-22 मध्ये त्या 24 टक्के झाल्या. हे क्लब गरीब नाहीत, त्यांना नॉर्डिक ठाऊक नाही असंही नाही. खेळाचा वेग वाढला, सामने वाढले, हे खरंच. पण चौकशी झाली तेव्हा सांगितलेला कार्यक्रम पूर्ण पाळणारे संघ दहांत जेमतेम एक निघाले. माझ्या मैदानावरही स्पर्धा जवळ आली की पहिला बळी याच दहा मिनिटांचा जातो. 'मॅडम, पाय जड होतात, परवा मॅच आहे, आता राहू द्या ना.' ही भीती खोटी नाही, पण ती सुरुवातीच्या आठवड्यांपुरती असते. सवय झालेल्या खेळाडूला थोडक्या नॉर्डिकने पाय जड होत नाहीत. उलट, व्यायाम थांबवला की दोनेक आठवड्यांत तंतू पुन्हा आखूड होऊ लागतात, म्हणजे नेमकी स्पर्धा सुरू असताना.

दिलासा हा की टिकवायला फार लागत नाही. सुरुवातीचे दोन आठवडे नीट केल्यावर पुढे आठवड्याला फक्त आठ नॉर्डिक करणाऱ्यांनाही, कितीतरी जास्त करणाऱ्यांइतकाच फायदा झाल्याचं 2018 च्या एका अभ्यासात दिसलं.

तेव्हा प्रशिक्षकांना माझी विनंती एवढीच: हंगामाआधी सहा-आठ आठवडे दोन्ही व्यायाम नीट बसवा, पळण्याचा वेग वाढवत न्या, आणि स्पर्धेच्या आठवड्यात सामन्याच्या तीन-चार दिवस आधी, सराव संपल्यावर, चार-चारचे दोन नॉर्डिक आणि प्रत्येक पायावर सहा डेडलिफ्ट करून घ्या. त्या आठवड्यात संथ फेऱ्या कमी केल्या तरी चालतील, हे मात्र वगळू नका.