शेवटचा शब्द मुलासाठी

मराठी मुलखातील जुन्या व्यापारी घरांत मुलाचे शिक्षण पाटीआधी कानावर सुरू होत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची नावे. दिवेलागणीच्या परवच्याला ती एका सुरात म्हटली जात. धान्याच्या मापांचेही तसेच होते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर. निळवे-कोळवे, चिपटे-मापटे अशी ही नावे जोडीने येतात आणि प्रत्येक जोडीचा शेवट जुळतो. वहीतील आवक-जावक हे शब्दही तसेच जुळतात. ज्याला अजून ‘श्री’ गिरवता येत नाही, अशा पोरालाही ही नावे क्रमाने आठवत, कारण एक नाव उच्चारले की त्याचा जोडीदार आपोआप ओठांवर येई.

शेवट जुळण्याच्या या गुणाला मराठीत यमक म्हणतात आणि जैन वाङ्मयाचा त्याच्याशी फार जुना संबंध आहे. संस्कृत महाकाव्यांत छंद लघुगुरूंच्या मापावर उभा असतो. चरणांचे शेवट जुळलेच पाहिजेत असा नियम तेथे नाही. तो नेम रुजला अपभ्रंश काव्यात आणि त्या काव्याचा मोठा भाग जैन कवींनी रचलेला आहे. स्वयंभूचे ‘पउमचरिउ’ आणि दहाव्या शतकात मान्यखेटात राहून पुष्पदंताने रचलेले ‘महापुराण’ ही त्यांतील ठळक नावे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘छंदोनुशासना’त अपभ्रंश छंदांची व्यवस्था लावली. पुढे देशी भाषांतील रास, सज्झाय आणि स्तवने याच वाटेने आली. मराठी ओवीनेही पहिल्या तीन चरणांचा शेवट जुळवून घेतला. बालवाडीत खेळला जाणारा यमकाचा खेळ म्हणूनच जैन घराला परका नाही. घरात असलेली ही वस्तू केवळ वापरातून गेली आहे.

ती वापरातून कशी गेली, हे लहान गावात अधिक स्पष्ट दिसते. शिरूर तालुक्यातील निमोणे हे घोड नदीच्या खोऱ्यातील गाव. शिरूरलाही जुनी माणसे घोडनदी म्हणूनच ओळखतात. या पट्ट्यात किराणा, कापड आणि भुसार मालाचा व्यापार करणारी जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा गावातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. पुढे दुकान, मागे राहते घर. दादी सुनेशी मारवाडीत बोलते आणि गिऱ्हाइकाशी अस्सल मराठीत. चार वर्षांचा नातू सकाळी इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतो. दुपारी परत आल्यावर त्याच्या हाती फोन येतो आणि फोनवर इंग्रजी बालगीते सुरू होतात. दादीला ती गीते कळत नाहीत, नातवाला दादीच्या ओव्या कळत नाहीत. दोघांमध्ये माया पुष्कळ आहे, पण दोघांना मिळून खेळता येईल असा एकही शब्दांचा खेळ उरलेला नाही.

यात मुलाचे नुकसान नेमके कोणते, हे समजण्यासाठी यमक मुलाला काय शिकवते ते पाहावे लागते. मोठ्या माणसाला शब्द ऐकताना त्याचे तुकडे दिसतात. लहान मुलाला नुसता अर्थ दिसतो. ‘मीठ’ म्हटले की त्याला मिठाचा डबा आठवतो. त्या शब्दाच्या शेवटी एक आवाज आहे आणि तोच आवाज ‘पीठ’ या शब्दाच्या शेवटीही आहे, ही गोष्ट त्याला कोणीतरी ऐकवावी लागते. एकदा ती कळली की शब्द फोडता येतो हे कळते आणि शब्द फोडता येणे हीच वाचनाची पहिली पायरी आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या ऑक्सफर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांना काही शब्द ऐकवून त्यांतला न जुळणारा शब्द ओळखण्यास त्यांनी सांगितले होते. ज्यांचा कान तेव्हा तयार होता, ती मुले पुढे वाचनात आणि शुद्धलेखनात सरस ठरली. काही मुलांना आवाजानुसार चित्रे लावण्याचा सरावही देण्यात आला. त्यांत ज्यांच्या हाती सोबत अक्षरेही दिली होती, त्यांची प्रगती सर्वाधिक झाली.

मग फोनवरील गीतांतही यमक असतेच, ते का पुरत नाही? कारण फोन थांबत नाही. तो पहिली ओळ म्हणतो, दुसरी म्हणतो आणि शेवटचा शब्दही स्वतःच म्हणून मोकळा होतो. मुलाच्या वाट्याला ऐकणे येते, शोधणे येत नाही. नातवाला मांडीवर घेऊन बसलेली दादी शेवटच्या शब्दापाशी थबकते, त्याच्या तोंडाकडे पाहते आणि वाट बघते. त्या क्षणभराच्या शांततेत मूल मनातले शब्द चाचपते, एक उचलते, जुळतो का पाहते आणि बोलते. यमकाचे सारे शिक्षण त्या शांततेत आहे. त्यासाठी लागणारे भांडवल एकच, थांबायला तयार असलेले माणूस.

खेळांना सामग्री शोधावी लागत नाही; किराणा दुकान हीच मोठी सामग्री आहे. पहिला खेळ जोड्या लावण्याचा. मीठ-पीठ, जिरे-मिरे, तूप-सूप, डाळ-माळ, ताट-पाट, साखर-भाकर, गोणी-लोणी. यांतील शक्य त्या वस्तू मुलापुढे प्रत्यक्ष मांडाव्यात. मोठ्याने एक वस्तू उचलून तिचे नाव सावकाश उच्चारावे, मुलाने तिची जोडीदार शोधावी. तीन वर्षांच्या मुलापुढे दोनच जोड्या पुरतात. जसजसा कान सरावेल तसतशा त्या वाढवाव्यात.

दुसरा खेळ ‘पाहुणा कोण?’ हा. तीन शब्द म्हणायचे: डाळ, माळ, तूप. यांतला पाहुणा कोणता? सुरुवातीस मूल अर्थावर जाईल आणि ‘माळ’ म्हणेल, कारण डाळ आणि तूप खायचे असते, माळ खायची नसते. हे उत्तर चुकीचे नव्हे. ते वेगळ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे. ‘चुकलास’ न म्हणता तिन्ही शब्द पुन्हा, शेवट किंचित लांबवून म्हणावेत. काही दिवसांत मूल अर्थ बाजूला ठेवून आवाज ऐकू लागते. तो बदल ज्या दिवशी दिसेल, तो घरात कौतुक करण्याचा दिवस समजावा.

तिसरा खेळ जेवताना खेळण्याचा. एकाने ‘पळी’ म्हणावे, शेजाऱ्याने ‘कळी’, त्याच्या शेजाऱ्याने ‘फळी’. मुलाने ‘टळी’ असा नसलेला शब्द काढला तरी तो मान्य करावा. निरर्थक शब्द जुळवणाऱ्या मुलाचा कान अर्थाच्या आधाराशिवाय चालू लागलेला असतो. मराठी बोलीला हा खेळ ठाऊकच आहे. चहाबिहा, भाजीबिजी, गोडधोड, शेजारीपाजारी हे शब्द याच रीतीने घडले. व्याकरणात त्यांना अंशाभ्यस्त शब्द म्हणतात. मुले त्यांना गंमत म्हणतात.

कान तयार झाला की डोळ्याची पाळी. पुठ्ठ्याच्या पट्टीवर ‘ळी’ हे अक्षर लिहावे आणि त्याच्या डाव्या बाजूने क, प, फ, न, ब ही अक्षरे एकेक करून सरकवावीत. कळी, पळी, फळी, नळी, बळी. पहिले अक्षर बदलते, शेवटचे तेथेच राहते; जे कानाने ऐकले तेच डोळ्याला दिसते. देवनागरीची ही मोठी सोय आहे. इंग्रजीत ‘टू’, ‘शू’ आणि ‘ब्लू’ यांचे शेवट ऐकायला सारखे, पण लिहायला तीन तऱ्हांचे आहेत. मराठीत खेळून तयार झालेले मूल ती अवघड वाटही पुढे अधिक धीराने चालते, कारण आवाज धरण्याची सवय भाषा बदलली तरी जात नाही.

वयाचे भानही ठेवावे. जुळणारा शब्द ओळखणे आधी येते, तो स्वतः सुचणे नंतर. भेंड्यांत शेवटचे अक्षर उचलून त्यावरून नवी सुरुवात करायची असते. ती कला त्याहून पुढची. तीन वर्षांच्या मुलाला भेंड्यांना बसवून ‘याला काही येत नाही’ म्हणणे अन्यायाचे होय. पाठशाळेतील शिक्षकांनीही एक मर्यादा पाळावी. सूत्रे पाठ करताना उच्चारशुद्धीला महत्त्व असते. ती खेळासाठी मोडू नयेत. स्तवन शिकवताना मात्र चरणाच्या शेवटी थांबून तो शब्द मुलांकडून घेण्यास काहीच हरकत नाही.

अशा खेळांना महाग साहित्य लागते, हा समज महाराष्ट्रात फार पूर्वीच खोटा ठरला आहे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाचे काम उभे केले. पुढे १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्याचा मार्ग त्यांनी दाखवला. तेथे पाने, बिया, शंख-शिंपले हीच साधने होती. ज्या घरात शेंगदाणे, चिंचोके आणि सुपाऱ्या पोत्यांनी येतात, त्या घराने साधनांची अडचण सांगू नये.

यानंतर प्रश्न येतो भाषेचा. खेळ मारवाडीत खेळावा, मराठीत की इंग्रजीत? ज्या भाषेत दादी न अडखळता बोलते, त्या भाषेत. मारवाडी आणि मराठी या बाबतीत सख्ख्या बहिणींसारख्या वागतात. हिंदीतला ‘पानी’ दोन्हींत ‘पाणी’ होतो. हिंदीतला ‘काला’ मारवाडीत ‘काळो’ आणि मराठीत ‘काळा’ होतो. ण आणि ळ हे दोन्ही आवाज दादीच्या जिभेवर आहेत. ‘पाणी, गाणी, वाणी’ किंवा ‘शाळा, माळा, फळा’ असे खेळ तिने घेतले तर नातवाच्या उच्चारात ते सहज उतरतील. केवळ हिंदी चित्रपट आणि इंग्रजी गीते ऐकून वाढलेल्या मुलाच्या तोंडी ‘शाळा’ची ‘शाला’ होते आणि ती पुढे सुधारणे जड जाते.

व्यापारी कुटुंबाला हे नुकसान सर्वांत आधी जाणवते ते गल्ल्यावर. शेतकरी भाव सांगतो ‘साडेसत्तावन्न’ आणि इंग्रजी शाळेत उत्तम गुण मिळवणारा दुकानाचा वारस वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. मराठी संख्यानामे अवघड आहेत, ही तक्रार नवी नाही. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात संख्या फोडून वाचण्याची रीत आली, तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला होता. या नावांची किल्लीही यमकातच आहे. एकावन्न, बावन्न, त्रेपन्न, चोपन्न यांची शेपटी ‘न्न’. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट यांची ‘ष्ट’. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर यांची ‘हत्तर’. शेपटी ऐकली की दशक कळते. सुट्टी नाणी मोजताना सहा-सात वर्षांच्या मुलाबरोबर ‘पाहुणा कोण?’ हा खेळ याच नावांवर खेळता येतो. ‘सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ’ यांतला पाहुणा एकोणसाठ. त्याचे नाव साठीच्या घरचे, पण राहतो तो पन्नाशीत. ही खोड एकदा खेळात कळली की एकोणसत्तर आणि एकोणऐंशी मुलाला पुन्हा चकवत नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने लहान वयातील शिक्षण शक्य तेथे घरच्या भाषेत व्हावे असे सुचवले. कोणत्या माध्यमाची शाळा निवडायची हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न आहे आणि त्याची कारणेही प्रत्येकाची निराळी असतात. शाळा कोणतीही निवडली तरी घरचा कान घरीच तयार होतो. शाळेच्या वर्गात तीस-चाळीस मुले असतात. शिक्षिका प्रत्येकासाठी थांबू शकत नाही. घरी एका मुलासाठी एक वडीलधारे माणूस थांबू शकते.

त्यासाठी वेळ ठरवून घ्यावा. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर आणि दुकानातील संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी दहा मिनिटे पुष्कळ झाली. रोज एकच खेळ, रोज पाच-सहाच शब्द आणि मूल कंटाळण्याआधी खेळ बंद. दादीने सुरुवात करावी, दादाजींनी मुद्दाम चुकावे, आईने हसावे. आणि प्रत्येक वेळी शेवटच्या शब्दापाशी सर्वांनी गप्प राहावे. मुलाला वेळ लागला तरी तो शब्द दुसऱ्या कोणी उच्चारू नये. तो त्याचा आहे.