दोन पडद्यांचे पुस्तक

एखाद्या गेम कन्सोलसाठी निघालेल्या सगळ्या खेळांना मिळून इंग्रजीत 'लायब्ररी' म्हणतात, आणि आपल्याकडची खेळणारी मुलेही हाच शब्द वापरतात. साहित्याच्या माणसाला तो थोडा खटकतो. ग्रंथालय म्हटले की कोणीही आत यावे, कोणतेही पुस्तक उचलावे आणि मिळेल त्या उजेडात वाचावे अशी जागा डोळ्यांपुढे येते. कन्सोलच्या लायब्ररीतले प्रत्येक पुस्तक मात्र एकाच विशिष्ट चष्म्यातून वाचता येते, तो चष्मा एकच कंपनी बनवते, आणि काही वर्षांनी बनवणे थांबवते.

तरीही हा शब्द मला सोडवत नाही. दोन प्रतिस्पर्धी यंत्रांच्या लायब्रऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या की जे प्रश्न पडतात ते थेट आपल्या वर्गातले असतात. आशय आणि रूपबंध वेगळे काढता येतात का? भाषांतरात काय उरते? आणि संहिता म्हणजे नेमके काय, नुसते शब्द की शब्द ज्यावर उमटले ती वस्तूही?

ज्या दोन यंत्रांविषयी मी लिहिते आहे ती २००४ च्या अखेरीस जपानमध्ये अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने आली. निन्टेंडोचे डीएस २ डिसेंबरला (अमेरिकेत ते थोडे आधी, नोव्हेंबरमध्येच, निघाले होते) आणि सोनीचे पीएसपी १२ डिसेंबरला. पीएसपी देखणे होते. एकच मोठा, रुंद, झळझळीत पडदा आणि त्यात बसणारी यूएमडी नावाची छोटी तबकडी, जिच्यात १.८ गिगाबाइट इतका मजकूर मावे. सोनीच्या केन कुतारागी यांनी त्याची ओळखच एकविसाव्या शतकाचा वॉकमन अशी करून दिली होती. डीएस त्यापुढे खेळण्यासारखे वाटे. बिजागरीवर मिटणारे, आत दोन लहान पडदे, त्यांतला खालचा स्पर्शाने चालणारा, एक लेखणी आणि एक मायक्रोफोन. चित्रे भरड. विक्रीत मात्र डीएसने पंधरा कोटींचा टप्पा ओलांडला आणि पीएसपी आठ कोटींच्या आसपास राहिले. हे आकडे सांगून टाकले, कारण कोणी ना कोणी ते विचारतेच. पुढच्या विवेचनाशी त्यांचा फारसा संबंध नाही.

माझ्याकडे दोन्ही यंत्रे आली ती एका मावसभावामुळे. पुण्यात जपानी भाषेच्या परीक्षा देऊन तो योकोहामाला नोकरीला गेला आणि २००७ च्या दिवाळीत दोन्ही घेऊन आला. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते. पीएसपी त्याने स्वतःकडे ठेवले आणि डीएस माझ्या हातात देत म्हणाला, "ताई, तुला वाचायला आवडतं ना, मग हे तुझं." त्याला गंमत करायची होती, पण बोलला ते खरे होते. डीएसच्या लायब्ररीत वाचण्याजोगे फार होते, आणि त्यातले काही तर पुस्तकासारखे आडवे धरून वाचायचे होते. मेंदूच्या व्यायामाचा जो खेळ २००५ पासून जपानमध्ये घराघरांत गेला, त्यात अभिजात साहित्यातले उतारे मोठ्याने वाचण्याचा एक पाठच होता. २००७ मध्ये निन्टेंडोने शंभर जपानी अभिजात साहित्यकृतींचा संच एका कार्डावर काढला. सोसेकी, अकुतागावा वगैरे मंडळी नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात. आजोबांनी आणि नातीने एकच यंत्र वापरावे, अशी ही लायब्ररी होती.

पीएसपीची लायब्ररी पाहिली की आपल्याकडच्या संक्षिप्त आवृत्त्या आठवतात. मोठ्या पडद्यावर गाजलेल्या मालिकांचे खिशात मावणारे अवतार तिच्यात ओळीने दिसतात. २००५ चा 'लिबर्टी सिटी स्टोरीज' घ्या, २००८ चा 'गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिम्पस' घ्या, २०१० चा 'मेटल गिअर सॉलिड: पीस वॉकर' घ्या. कारागिरी थक्क करणारी आहे, आणि 'पीस वॉकर'ला तर संक्षेप म्हणणे अन्यायाचेच होईल. पण हे खेळ मनाने दिवाणखान्यातले होते. 'लिबर्टी सिटी स्टोरीज' पुढच्याच वर्षी प्लेस्टेशन २ वर, म्हणजे घरच्या टीव्हीवर, गेला आणि त्याचे काही बिघडले नाही. 'देसी अड्डा' हा हैदराबादला तयार झालेला खेळही मला ह्याच जातीचा वाटतो. सोनीसाठी २००९ मध्ये निघालेल्या ह्या खेळात विटीदांडू, कबड्डी आणि पतंग पडद्यावर आले. आशय अस्सल आपला होता, पण विटी उडताना हाताला जो झणका बसतो त्याच्या जागी बटण होते.

ह्या विधानाला पीएसपीतच दोन सणसणीत अपवाद आहेत. पहिला 'पाटापोन'. २००७ च्या डिसेंबरात आलेल्या ह्या खेळात आपण चिमुकल्या सैन्याचे नगारे असतो. चार बटणे म्हणजे चार ठोके. पाटा-पाटा-पाटा-पोन वाजवले की सैन्य पुढे सरकते, पोन-पोन-पाटा-पोन वाजवले की तुटून पडते, आणि ठोका चुकला की सैन्य गोंधळून उभे राहते. ज्याने लेझमीच्या पथकात हलगी ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. छंद इथे अलंकार म्हणून येत नाही, आज्ञार्थ म्हणून येतो. हा खेळ पुढे टीव्हीवरही आला, पण नव्या टीव्हीत बटण दाबणे आणि ते पडद्यावर उमटणे यांत किंचित अंतर पडते, आणि तालाला ते किंचित अंतरच सोसत नाही.

दुसरा अपवाद 'मॉन्स्टर हंटर'. तो मुळात घरच्या प्लेस्टेशन २ वरचा खेळ होता, पण त्याचे जपानमधले खरे आयुष्य पीएसपीवर फुलले. चार जण जवळ बसून बिनतारी जोडणीने एकत्र शिकारीला जातात, आणि त्यासाठी पोरे स्थानकांत, उपाहारगृहांत, शाळेच्या कट्ट्यावर जमत. २०१० च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या पोर्टेबल भागाच्या एकट्या जपानमध्ये चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. पीएसपीला दिशादर्शक छोटी काठी एकच होती. दुसरी काठी नसल्यामुळे दृष्टिकोन फिरवायला खेळाडूंनी डाव्या हाताची तर्जनी वाकवून बाणांच्या बटणांवर ठेवण्याची एक अवघड मूठ शोधून काढली. माझा भाऊ अजूनही फोन बोलताना नकळत तशी मूठ करतो. यंत्रातल्या एका उणिवेतून एका पिढीच्या हाताला वळण लागले! असा खेळ नुसत्या शीर्षकांच्या यादीत कसा मोजायचा, हे मला उमगलेले नाही.

ह्या दोघांना मान देऊनही माझे माप डीएसच्या बाजूला झुकते. कारण त्या यंत्राने लेखकांना काही विचित्र अवयव दिले, आणि चांगल्या लेखकांनी त्यांचे व्याकरण केले. २००७ च्या 'झेल्डा'मध्ये वरच्या पडद्यावर एक मुद्रा दिसते आणि ती खालच्या नकाशावर उमटवा असे सांगितले जाते. लेखणीने घासून, बटणे दाबून काही होत नाही. शेवटी वैतागून आपण यंत्र मिटतो, पुन्हा उघडतो, तो मुद्रा नकाशावर उमटलेली! त्याच वर्षीच्या 'द वर्ल्ड एन्ड्स विथ यू' ह्या खेळात शिबुयाच्या गर्दीत कानांवर हेडफोन लावून जगापासून तुटलेला एक मुलगा आहे. त्याची लढाई खालच्या पडद्यावर लेखणीने खेळायची आणि त्याच क्षणी वरच्या पडद्यावर त्याच्या जोडीदाराची लढाई दुसऱ्या हाताने. दोन्हीकडे एकदम लक्ष पुरत नाही. दुसऱ्याचा भार पेलणे किती कठीण हे कथा शब्दांत सांगते त्याआधी बोटे सांगतात. हा खेळ २०१२ मध्ये मोबाइलवर आणि २०१८ मध्ये निन्टेंडोच्याच स्विचवर आला तेव्हा पडदा एकच उरला. जोडीदार शेजारी आला, सोपा झाला, आणि कथेतला ताण फक्त संवादांत राहिला.

पण ज्या एका खेळासाठी हा लेख लिहायला घेतला तो '९९९'. कोतारो उचिकोशी ह्या लेखक-दिग्दर्शकाचा, चुनसॉफ्टने २००९ मध्ये काढलेला. बुडत्या जहाजात कोंडलेली नऊ माणसे, नऊ दारे, नऊ तास. (ज्यांना तो अजून खेळायचा आहे त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद ओलांडावा.) बराचसा खेळ म्हणजे वाचन आहे. वरच्या पडद्यावर पात्रांचे संवाद उमटतात आणि खालच्या पडद्यावर तृतीयपुरुषी निवेदन. आपण कादंबऱ्या वाचून सरावलेलो असतो, त्यामुळे खालचा आवाज तटस्थ, सर्वज्ञ निवेदकाचा, असे न विचारताच धरून चालतो. अखेरीस कळते की तो निवेदक कथेतलेच एक पात्र आहे, नऊ वर्षांपूर्वीच्या काळातून नायकाच्या डोळ्यांनी पाहणारे. म्हणजे वरचा पडदा आज होता आणि खालचा पडदा तेव्हा होता. दोन काळ आपण इतके तास तळहातावर धरून बसलो होतो. मग निवेदन 'ती' वरून 'मी' वर येते, आणि शेवटचे कोडे सोडवायला यंत्र अक्षरशः उलटे धरावे लागते.

निवेदकाविषयीचे सिद्धान्त मी वीसेक वर्षे शिकवते आहे. निवेदक कोण, पाहणारा कोण, हा फरक फळ्यावर बाण काढून समजावते. तो फरक वस्तूच्या शरीरातच, बिजागरीच्या वर आणि खाली, मांडलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही. २०१७ मध्ये ही कथा एका पडद्याच्या यंत्रांवर आली, त्यांत पीएसपीची वारस असलेली व्हिटाही होती. तेथे संवाद आणि निवेदन यांना दोन वेगवेगळ्या पद्धती म्हणून बटणाने आलटून पालटून पाहायची सोय केली आहे. प्रामाणिक भाषांतर आहे. पात्रांना आवाजही मिळाले. माझ्या भाचीने ती आवृत्ती संगणकावर संपवली आणि तिला फार आवडली. मी उत्साहाने विचारले, "खालचा पडदा कोण बोलत होतं ते कळलं तेव्हा काय वाटलं?" तर तिने शांतपणे विचारले, "कुठला खालचा पडदा, मावशी?"

म्हणजे जी लायब्ररी आपल्या यंत्राशी अधिक एकजीव झाली, तीच अधिक धोक्यात आहे. पीएसपीचे बरेच चांगले खेळ नव्या पडद्यांवर सुखाने नांदत आहेत: 'क्रायसिस कोअर' २०२२ मध्ये नव्याने आला, 'पर्सोना ३ पोर्टेबल' २०२३ मध्ये. डीएसचे उत्तम खेळ मात्र एक तर हलवता येत नाहीत, किंवा हलवताना त्यांचा प्राण मागे राहतो. डीएसची कार्डे चालवणारे शेवटचे यंत्र, ३डीएस, निन्टेंडोने २०२० मध्ये बनवणे थांबवले. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर उपलब्ध नाहीत. छापील पुस्तकांच्या बाबतीत असे घडले असते तर आपण परिसंवाद भरवले असते. (कदाचित मराठी पुस्तकांच्या बाबतीत घडलेही असेल, आणि परिसंवादही झाले असतील. असो.)

अशा वेळी मला जात्यावरच्या ओव्या आठवतात. त्या आपण छापील संग्रहांतून शिकवतो, आणि लय जात्याच्या फेऱ्याशी, खुंट्यावरच्या हातांशी बांधलेली होती हे तोंडी सांगतो. वर्गातल्या मुलांनी जाते पाहिलेले असते ते लग्नघरी हळद दळण्यापुरते, हौसेने पाच फेरे आणि फोटो. ओवी त्यांना कळते, ती सुंदर आहे हेही कळते. दमलेला खांदा मात्र टिपणात देता येत नाही. तरी संग्रह झाले हे आपले भाग्यच. नाहीतर ओवीही गेली असती. त्यामुळे २०१७ च्या त्या एकपडदी आवृत्तीला नावे ठेवायला माझी जीभ वळत नाही.

गेल्या वर्षी मी माझे डीएस आणि '९९९'चे कार्ड महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यायचे ठरवले. ग्रंथपालबाई मूळच्या साहित्याच्या, त्यामुळे हसल्या नाहीत. दाखल नोंदवहीत लेखक, शीर्षक आणि प्रकाशक हे रकाने भरले गेले, पृष्ठसंख्येपाशी पेन थांबले. "मॅडम, ह्याची पानं किती धरायची?" बराच विचार करून तेथे आडवी रेघ ओढली आणि कार्ड व यंत्र मिळून एकच दाखल क्रमांक दिला, म्हणजे एकाशिवाय दुसरे कोणी नेणार नाही. आतापर्यंत ते दोन विद्यार्थ्यांनी घरी नेले. एकाने तिसऱ्या दिवशी परत केले, बिजागरी कुरकुरते म्हणून. दुसरीने मुदत दोनदा वाढवून घेतली आहे.