एका शाईचे शतक

सुमी ही जपानची काळी शाई. तेलाची किंवा पाइन लाकडाची काजळी सरसात मळून तिच्या कांड्या करतात. लागेल तेव्हा थोडे पाणी घालून, सहाणेवर चंदन उगाळावे तशी, ती दगडावर उगाळतात. पाणी वाढले की करडेपणा येतो, कमी झाले की काळा दाटतो. पाइनच्या काजळीत निळसर झाक असते, तेलाच्या काजळीत तपकिरी. या एका शाईवर जपानी चित्रकार तोको शिनोदा यांनी शतकभर जीव लावला.

त्यांचा जन्म 1913 मध्ये मांचुरियातील दालियनचा, बालपण जपानातले. सहाव्या वर्षी वडिलांनी हाती कुंचला दिला. जपानी लिपीत नदीचे अक्षर तीन उभ्या रेघांचे असते. शिनोदांना नदीसाठी आणखी रेघा हव्याशा वाटत. सुलेखनात ती मुभा नव्हती. 1940 साली टोकियोच्या गिन्झा भागात त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा या कामाला मुळेच नाहीत असा ठपका जाणकारांनी ठेवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांना क्षयाने गाठले. युद्ध संपल्यावर मात्र त्यांच्या कागदावरून अक्षरे हळूहळू मागे सरली आणि रेघा मोकळ्या झाल्या. नदीला हव्या तितक्या रेघा आता मिळणार होत्या.

1956 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा अमूर्त अभिव्यक्तिवादाचा बहर होता. पुढे बेटी पार्सन्स यांच्या प्रख्यात गॅलरीत त्यांची प्रदर्शने झाली. तरीही त्यांना अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकारांच्या पंक्तीत बसवून मोकळे होणे अन्यायाचे आहे: त्यांच्या रेघेला बालपणापासूनच्या सुलेखनाची शिस्त होती. अमेरिकेतल्या कोरड्या हवेत शाई झटकन सुके. कागदात सावकाश पसरायला सुमीला दमट हवा लागते. 1958 मध्ये शिनोदा जपानला परतल्या, त्यात या हवेचाही वाटा होता.

पुढची साठ वर्षे त्यांनी काळ्याची साथ सोडली नाही. कधी शेंदरी रंगाचा एखादा फटकारा, कधी चंदेरी वर्खाची पार्श्वभूमी. पण चित्राचा भार शाईवरच. शिळाछापांच्या प्रतींवरही त्या स्वतः कुंचला फिरवत, त्यामुळे प्रत्येक प्रत वेगळी होई. 1974 मध्ये टोकियोच्या झोजोजी मंदिरासाठी त्यांनी भव्य भित्तिचित्र केले. शंभरी ओलांडल्यावरही काम चालूच होते. 1 मार्च 2021 रोजी, 107 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एका रंगात आयुष्याला पुरून उरेल इतके वैविध्य असते, हे त्यांच्या चित्रांतील काळ्या-करड्या छटांनी निर्विवाद दाखवून दिले.