पंचावन्नचा वेग

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी 55 मैलांची, म्हणजे साधारण 88 किलोमीटरची मर्यादा आहे. आय-5 महामार्गावर शेजारून सगळे सुसाट जातात, तरी मला हा वेग मनापासून पटतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 55 वरून 65 वर गेलं की तो जवळजवळ चाळीस टक्के जास्त. ट्रेलरचा उंच, सपाट दर्शनी भाग म्हणजे वाऱ्यापुढे धरलेलं दारच. पेट्रोल तिथेच जळतं. दोनशे मैलांत वाचतो तो जेमतेम अर्धा तास. त्यासाठी एवढं इंधन का जाळायचं?

आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ट्रेलरचं झुलणं. मोठा ट्रक बाजूने गेला की मागचा भाग हलतो, आणि वेग जितका जास्त तितकं ते आवरणं कठीण. अशा वेळी स्टीअरिंग सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हलके लावायचे. गाडीचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. मागे मुलं झोपलेली असतात (गाडीतच; ट्रेलरमध्ये बसवणं धोक्याचं). उद्या वारा आडवा असेल तर मी पन्नासवरच राहीन.