काकूंच्या नावाचं चेकबुक

चारकोपच्या आमच्या सोसायटीत मेंटेनन्स अजूनही बरेच जण चेकनेच भरतात. हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून शेजारच्या काकू आपलं नवं चेकबुक घेऊन आल्या. काका होते तोवर बँकेचं सगळं तेच बघायचे. आता खातं एकट्या काकूंच्या नावावर. त्यात स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचं काम घेतलेला कंत्राटदार त्यांना म्हणाला होता, "मावशी, सही करून कोरा चेक देऊन ठेवा, आकडा मी टाकतो."

हे ऐकून बाकी सगळं बाजूला ठेवलं. राजीखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला, एवढ्यावरून तो रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तो वटला नाही आणि नोटीस आल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर कलम १३८ खाली खटला सही करणाऱ्यावर होतो. देणं नव्हतंच, हे दाखवायचं कामही त्याच्याच गळ्यात.

मग कोऱ्या चेकच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. दोन तिरक्या रेघा मारल्या नाहीत आणि छापलेलं 'ऑर बेअरर' खोडलं नाही, तर चेक ज्याच्या हाती पडेल तो काउंटरवर रोख रक्कम घेऊन जाऊ शकतो. रेघा मारल्या की पैसे खात्यातच जमा होतात आणि मध्ये 'अकाउंट पेयी' लिहिलं की ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. एकट्या राहणाऱ्या माणसाला या दोन रेघांचा फार आधार आहे, असं मला मनापासून वाटतं.

"मराठीत लिहिलं तर चालतं का रे?" काकूंनी विचारलं. चालतं. अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहून उरलेल्या जागेत रेघ ओढायची. रक्कम किंवा नाव चुकलं तर खाडाखोड नको, नवा चेक घ्यायचा. हल्ली क्लिअरिंगला कागद जात नाही, त्याचं छायाचित्र जातं, आणि खोडलेला चेक परत येतो. खालच्या पांढऱ्या पट्टीवर सही उतरू द्यायची नाही. तिथे चुंबकीय शाईत चेकचा नंबर आणि शाखेचा नऊ आकडी कोड असतो. "हे चारशे म्हणजे आपल्या पिनकोडचे ना?" त्यांनी बरोबर ओळखलं, मुंबईतल्या शाखांचा कोड ४००नेच सुरू होतो.

चेक सहा महिने चालतो, हे काकांकडून ऐकलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. एप्रिल २०१२ पासून ती मुदत तीन महिन्यांवर आली आहे.

कंत्राटदाराला त्यांनी अर्ध्या कामाचा, रकमेसकट, क्रॉस केलेला चेक दिला. तो थोडा कुरकुरला, पण घेतला. पैसे वळते झाल्याचा मेसेज आला तसा मोबाईल घेऊन काकू पुन्हा दारात: "बाकीच्या पैशांचा चेक दिला आणि त्याने काम अर्धवट टाकलं, तर तो थांबवता येतो का?"